मूत्रपिंडाचा थोडा भार आतड्यावर : डिंक, चोथा आणि पोटातले जिवाणू

१९९६ साली अमेरिकेतील एका पोषणविषयक नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असलेले आणि त्यामुळे कमी प्रथिनांचा आहार घेणारे १६ रुग्ण त्यात सहभागी होते. त्यांना काही आठवडे रोज ५० ग्रॅम गम अरेबिक, म्हणजे बाभळीच्या जातकुळीतील एका झाडाचा डिंक देण्यात आला आणि काही आठवडे त्याऐवजी केवळ नावापुरते, १ ग्रॅम पेक्टिन, म्हणजे फळांतील एक तंतू देण्यात आले. प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही काळांतील तपासण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की डिंक घेत असताना रक्तातील युरिया नायट्रोजन कमी झाले होते आणि शौचावाटे बाहेर पडणारे नायट्रोजन वाढले होते. मूत्रपिंडे अधिक काम करू लागली होती, असे मात्र नव्हे. जो कचरा एरवी लघवीच्या दाराने जायचा, त्यातला काही भाग दुसऱ्या दाराने बाहेर पडू लागला होता.

प्रीबायोटिक, म्हणजे पोटातील उपकारक जिवाणूंचे खाद्य ठरणारे तंतू आणि मूत्रपिंडे यांच्या नात्याविषयी गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले जाते, आणि त्यातले बरेचसे चूर्णांच्या डब्यावर छापण्याच्या लायकीचे असते. हे नाते नीट समजून घ्यायचे असेल तर वरच्या अभ्यासातील ‘दुसरे दार’ ध्यानात ठेवणे सोयीचे ठरते, कारण या विषयातील निम्मी गोष्ट त्याच दाराची आहे. उरलेली निम्मी गोष्ट अशा विषांची आहे, ज्यांचा उगम मुळात आतड्यातच होतो.

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शोषून घेऊन दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकतात. प्रथिनांच्या विघटनातून यकृतात तयार होणारा युरिया हा त्या लघवीतला सर्वांच्या परिचयाचा कचरा. मूत्रपिंडे दुबळी झाली की तो रक्तात साचतो, आणि रक्ताच्या अहवालात युरिया व क्रिएटिनिन यांचे आकडे चढलेले दिसतात. मात्र आजारी मूत्रपिंडांमुळे रक्तात साचणाऱ्या पदार्थांची यादी या दोन नावांपुरती नाही. त्यात काही पदार्थ असे आहेत की जे आपल्या पेशी एकट्याने तयार करू शकत नाहीत. त्यांचा कच्चा माल मोठ्या आतड्यातील जिवाणू पुरवतात.

मोठ्या आतड्यातील या असंख्य जिवाणूंना आपण खाल्लेल्यातले उरलेसुरले मिळते. साखर, पिठूळ पदार्थ, स्निग्धांश आणि बहुतेक प्रथिने लहान आतड्यातच पचून शोषली जातात. पुढे सरकते ते दोन प्रकारचे : एक म्हणजे आपल्या पाचकरसांना न जुमानणारे तंतू, ज्यांना घरात आपण सरसकट ‘चोथा’ म्हणतो; आणि दुसरे म्हणजे न पचलेली प्रथिने. तंतू मिळाले की जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांतील ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. त्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून मिळते. तंतू संपले, किंवा मुळातच कमी आले, की जिवाणू प्रथिनांकडे वळतात. लाकूड संपल्यावर चुलीत प्लॅस्टिक सारावे तसे हे आहे. चूल पेटती राहते, पण धूर वेगळा निघतो.

तो धूर कसा असतो, ते एका पदार्थाच्या प्रवासावरून पाहू. ट्रिप्टोफॅन हे डाळ, दूध, अंडी, मांस अशा सर्व प्रथिनांत आढळणारे एक अमिनो आम्ल. काही जिवाणू त्याचे इंडोल करतात. इंडोल आतड्यातून शोषले जाऊन यकृतात पोहोचते आणि तेथे त्याचे इंडॉक्सिल सल्फेट होते. टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून अशाच वाटेने पी-क्रेसॉल आणि पुढे पी-क्रेसिल सल्फेट बनते. निरोगी माणसात हे दोन्ही पदार्थ लघवीतून निघून जातात आणि त्यांची कोणाला दखलही घ्यावी लागत नाही. मूत्रपिंडे थकली की ते साचतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्यांचा उपद्रव होतो आणि मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींमध्ये शिरून ते दाह व तंतुमयता, म्हणजे जून जखमेच्या व्रणासारखा घट्टपणा, वाढवतात, असे प्राण्यांवरील आणि पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे मूत्रपिंड बिघडल्यामुळे जे साचते, तेच मूत्रपिंड आणखी बिघडवण्यास हातभार लावत असावे.

त्यात आणखी एक अडचण आहे. हे दोन्ही पदार्थ रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून राहतात. युरियाचा रेणू छोटा आणि मोकळा असल्यामुळे तो डायलिसिसच्या पडद्यातून सहज निसटतो. अल्ब्युमिनच्या पाठीवर बसलेले इंडॉक्सिल सल्फेट मात्र फारसे निसटत नाही. डायलिसिस वेळेवर होत असूनही ही विषे रक्तात पुष्कळ राहतात, ती यामुळेच. एकदा तयार झाल्यावर जे यंत्रालाही नीट काढता येत नाही, ते मुळात तयारच कमी व्हावे हा विचार त्यातून पुढे आला, आणि त्याबरोबर संशोधकांची नजर आतड्याकडे वळली.

या विषांचा उगम खरोखर मोठ्या आतड्यातच आहे, याचा स्वच्छ पुरावा २०११ साली मिळाला. डायलिसिसवरील काही रुग्णांचे मोठे आतडे पूर्वीच्या एखाद्या आजारामुळे शस्त्रक्रियेने काढलेले असते. अशा रुग्णांचे रक्त आणि मोठे आतडे शाबूत असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांचे रक्त यांची तुलना केल्यावर दिसले की ज्यांना मोठे आतडेच नाही, त्यांच्या रक्तात इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट जवळजवळ नाहीतच. मूत्रपिंडे दोन्ही गटांत सारखीच निकामी होती. फरक होता तो फक्त जिवाणूंच्या मुक्कामाचा.

आतडे आणि मूत्रपिंडे यांचे हे नाते एकेरी नाही. रक्तात युरिया वाढला की तो आतड्यातही झिरपतो. तेथे युरिएज हे विकर बाळगणारे जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आतड्यातील आम्लता घटते, अस्तरातील पेशींना एकमेकींशी सांधणारे टाके सैल होतात आणि जिवाणूंचे अंश रक्तात उतरून अंगभर मंद दाह धुमसत राहतो. शिवाय मूत्रपिंडाच्या रुग्णाला बद्धकोष्ठ फार. पाणी मोजून प्यायचे असते, फळे-भाज्यांवर बंधने असतात, लोहाच्या आणि फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. मळ आतड्यात जितका अधिक काळ रेंगाळेल, तितका जिवाणूंना प्रथिने कुजवायला अधिक वेळ मिळतो. अमेरिकेतील सुमारे ३५ लाख निवृत्त सैनिकांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बद्धकोष्ठ असलेल्यांना पुढे मूत्रपिंडाचा जुनाट आजार जडण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी अधिक आढळले. बद्धकोष्ठामुळेच आजार झाला, हे अशा पाहणीवरून सिद्ध होत नाही; पण पोट साफ होणे ही मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत किरकोळ तक्रार नव्हे, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते.

आता ‘प्रीबायोटिक’ या शब्दाकडे येऊ. तो १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी रूढ केला. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू बाहेरून देणे, आणि प्रीबायोटिक म्हणजे आत आधीच वसलेल्या जिवाणूंपैकी उपकारक जिवाणूंना त्यांचे खाद्य पुरवणे. २०१७ साली तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार, जे घटक शरीरातील सूक्ष्मजीव निवडकपणे वापरतात आणि त्यातून यजमानाच्या आरोग्याला लाभ होतो, तेच प्रीबायोटिक. या व्याख्येचा एक सरळ अर्थ असा की प्रत्येक चोथा प्रीबायोटिक नसतो. गव्हाच्या कोंड्यातील लाकडासारखा भाग मळाला आकार देतो, पण जिवाणूंना त्यातून फारसे काही मिळत नाही. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होते आणि पोट साफ करण्याचे आपले काम चोख करते. पण ते आंबते फार थोडे. याउलट कांदा, लसूण व गहू यांतील फ्रुक्टन, चिकोरीच्या मुळातून काढलेले इन्युलिन, कडधान्यांत असणारी आणि पोटात वायू धरणारी रॅफिनोज कुळातील शर्करा, कच्च्या केळ्यातील आणि शिजवून थंड केलेल्या भातातील न पचणारा पिष्ट, आणि गम अरेबिक, हे सर्व जिवाणू आवडीने खातात. वाल किंवा हरभरा खाल्ल्यावर पोट गुडगुडते, ते जिवाणूंच्या मेजवानीचा आवाज असतो.

हे खाद्य मिळाल्यावर दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की जिवाणूंची संख्या वाढते, आणि नवे जिवाणू घडवायचे तर त्यांना प्रथिने, म्हणजे नायट्रोजन लागते. ते नायट्रोजन ते आतड्यात झिरपलेल्या युरियापासून आणि अमोनियापासून घेतात, स्वतःच्या शरीरात बांधतात आणि मळाबरोबर बाहेर जातात. सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या दाराचे यंत्र ते हेच. दुसरी गोष्ट अशी की तंतू हाताशी असल्यावर जिवाणू अमिनो आम्लांकडे कमी वळतात, किंवा त्यांपासून विषे न बनवता स्वतःची शरीरे बनवतात. त्यामुळे इंडोल आणि क्रेसॉल यांची निर्मिती घटते. ब्युटिरेटमुळे अस्तर मजबूत राहणे आणि दाह आटोक्यात राहणे हा तिसरा संभाव्य लाभ आहे, पण त्याविषयीचा पुरावा माणसांपेक्षा उंदरांचा अधिक आहे.

माणसांवरील प्रयोगांत यातले किती उतरले? बेल्जियममध्ये डायलिसिसवरील रुग्णांना इन्युलिन व त्याच कुळातील ऑलिगोफ्रुक्टोज यांचे मिश्रण देऊन केलेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात पी-क्रेसिल सल्फेट घटले, इंडॉक्सिल सल्फेट मात्र फारसे हलले नाही. २०१४ साली अमेरिकेत डायलिसिसच्याच रुग्णांना सहा आठवडे न पचणारा पिष्ट देण्यात आला, तेव्हा नेमके उलटे झाले : इंडॉक्सिल सल्फेट घटले आणि पी-क्रेसिल सल्फेटमधील घट खात्रीलायक ठरली नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ साली डायलिसिसची वेळ न आलेल्या ३७ रुग्णांना तंतू आणि जिवाणू एकत्र दिले गेले. तेथे पुन्हा पी-क्रेसिल सल्फेट खाली आले आणि दुसरे जवळपास जागेवर राहिले. तंतू बदलला की खाणारे जिवाणू बदलतात आणि कोणते विष कमी होणार तेही बदलते, असे यावरून दिसते. ‘फायबर घ्या’ हा सल्ला त्यामुळेच अर्धवट वाटतो.

मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीतून येणारे चित्र आशादायक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील साडेचौदा हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तींमध्ये रोजच्या आहारात दर १० ग्रॅम अधिक तंतूंमागे मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसले आणि दाहाचा निदर्शक असलेले सीआरपीदेखील कमी आढळले. विशेष म्हणजे आजार नसलेल्यांत मृत्यूच्या प्रमाणाशी असा स्पष्ट संबंध दिसला नाही. तरीही जास्त तंतू खाणारा माणूस बहुधा इतर बाबतींतही पथ्य पाळणारा असतो, कमी धूम्रपान करतो, जास्त चालतो. आकडेमोडीने हा फरक बराचसा काढून टाकता येतो, पण पूर्णपणे नाही. २०१५ साली १४ नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले आणि त्यात तंतूंमुळे युरिया व क्रिएटिनिन दोन्ही घटल्याचे आढळले. ऐकायला हे भक्कम वाटते. मात्र त्या चौदाही प्रयोगांतील रुग्णांची एकूण बेरीज १४३ होती, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

येथे एका जपानी औषधाची हकीकत आठवते. आतड्यातच इंडोल शोषून घेणारे, विशेष प्रकारच्या कोळशाचे सूक्ष्म मणी असलेले क्रेमेझिन हे औषध जपानमध्ये १९९१ पासून वापरात आहे. त्याने रक्तातील इंडॉक्सिल सल्फेट खरोखर कमी होते. पण तेच औषध अनेक देशांतील २,००० हून अधिक रुग्णांना देऊन पारखले गेले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होण्याचा वेग त्याने मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. विषाचा आकडा खाली येणे आणि मूत्रपिंड वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीबायोटिकच्या बाबतीत आज हाती आहे ते मुख्यतः पहिल्या गोष्टीविषयी आहे. दुसरीविषयी वर्षानुवर्षे चाललेले मोठे प्रयोग अजून झालेले नाहीत, आणि वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या पुनरावलोकनानेही उपलब्ध पुराव्याची खात्री कमी असल्याचेच नोंदवले. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, लघवीतून जाणारे प्रथिन कमी करणाऱ्या गोळ्या घेणे, मीठ कमी करणे आणि वेदनाशामक गोळ्यांचा सपाटा टाळणे, या उपायांच्या जागी कोणताही तंतू बसवता येणार नाही.

मग ताटात काय असावे? ज्यांची मूत्रपिंडे ठीक आहेत, त्यांच्यासाठी उत्तर सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू, तेही अन्नातूनच, अशी शिफारस केली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, नाचणीत व बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमही भरत नाहीत. दोन वेळा भाकरी, एखादी उसळ, भाजी, कोशिंबीर आणि तोंडी लावायला कांदा, एवढ्याने हा हिशेब जवळजवळ जुळतो. रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देण्याची आपली रीतही येथे थोडी उपयोगी पडते, कारण गार होताना घट्ट झालेल्या पिष्टाचा काही भाग पुन्हा गरम केला तरी पचत नाही. मात्र ही वाढ थोडीच असते. भात फार वेळ बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. आणि मधुमेह्याने फोडणीचा भात औषध म्हणून खाऊ नये.

ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांचे गणित याहून अवघड असते, आणि लोकप्रिय लेखांत नेमके तेच वगळले जाते. तंतू ज्या वनस्पतीजन्य अन्नात असतात, त्यातच पोटॅशियमही असते. आणि थकलेल्या मूत्रपिंडांना जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकता आले नाही तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून अशा रुग्णांना डाळी-कडधान्ये भिजवून ते पाणी ओतून देण्यास आणि पालेभाज्या व बटाटे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकण्यास सांगतात. त्याने पोटॅशियम घटते, हे खरे. पण कडधान्यांतील विरघळणारी, जिवाणूंच्या आवडीची शर्कराही त्याच पाण्याबरोबर काही अंशी वाहून जाते. दोन्ही हातांत लाडू येथे मिळत नाहीत, आणि निवड करायचीच झाली तर पोटॅशियमला मान द्यावा लागतो. फॉस्फरसच्या बाबतीत मात्र अखंड धान्यांवर उगाच आळ येतो : त्यांतील बराचसा फॉस्फरस फायटेट या धान्यातील साठवणीच्या संयुगात अडकलेला असतो आणि आपल्या शरीराला तो पूर्णपणे सोडवून घेता येत नाही, तर पाकीटबंद खाद्यपदार्थांत व शीतपेयांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. मूत्रपिंडविकाराविषयीच्या २०२४ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही वनस्पतीजन्य अन्नाचे प्रमाण वाढवण्याचाच कल आहे आणि डायलिसिसवर नसलेल्या, मध्यम ते पुढच्या टप्प्यांतील प्रौढांनी प्रथिने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवावीत, असे सुचवले आहे. प्रत्येक रुग्णाने मात्र रक्तातील पोटॅशियमचा ताजा अहवाल आहारतज्ज्ञांसमोर ठेवूनच आपले ताट ठरवावे.

तंतू एकदम वाढवू नयेत. जिवाणूंना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि घाई केली की पोट फुगते, मग माणूस कंटाळून सगळेच सोडून देतो. इसबगोलासारखे पाणी शोषणारे तंतू भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागतात, त्यामुळे ज्यांना दिवसाचे पाणी मोजून दिले आहे, त्यांनी ते आपल्या मनाने सुरू करू नयेत. काही तंतूंमुळे गोळ्यांचे शोषणही लांबते, म्हणून दोहोंत अंतर ठेवणे बरे. ‘किडनी डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत तंतूंबरोबर आणखी कोणत्या वनस्पती आणि क्षार आहेत, हे लेबलवरून पुष्कळदा कळत नाही. दुबळ्या मूत्रपिंडांच्या माणसाने त्यांच्या वाटेला न गेलेलेच चांगले.

आता पुन्हा डिंकाकडे. हा सगळा मजकूर वाचून कोणाला थंडीतल्या डिंकाच्या लाडवांची आठवण झाली असेल, तर ते स्वाभाविक आहे. गम अरेबिक मुख्यतः सूडान आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील बाभूळवर्गीय झाडांपासून मिळतो. आपल्या बाजारातला डिंक बाभळीचा, धावड्याचा किंवा मिश्र असतो, आणि त्यांची रासायनिक घडण एकसारखी नसल्यामुळे एकावरील निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. प्रयोगात डिंक दिला गेला तो रोज ५० ग्रॅम, आणि तोही तूप-गुळाशिवाय. आपल्या लाडवात डिंकाबरोबर खारीक, सुके खोबरे, गोडंबी आणि गूळ असतो. निरोगी माणसाने तो हिवाळ्यात मजेत खावा. पण डायलिसिसवरील रुग्णासाठी त्या एका लाडवात डिंक थोडा आणि पोटॅशियम, फॉस्फरस व साखर पुष्कळ असे प्रमाण पडते.